फोमच्या सांबराची शिकार

भारतात शिकार हा गुन्हा आहे. हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. या लेखात हरिण, बिबट्या, रानडुक्कर आणि सांबर यांच्यावर बाण सोडण्यात आले आहेत. त्यांपैकी एकही जिवंत नव्हते. सर्व जनावरे फोमची होती, आतून पांढरी व बाहेरून रंगवलेली. बाण सोडणारी व्यक्ती माझी पत्नी होती.

मी मोजणी खात्यातून निवृत्त झालो. वास्तव्य कराडला. सौ. सुलभा कन्याशाळेत चित्रकला शिकवीत असे. निवृत्तीनंतर स्त्रिया भिशी लावतात, भजनी मंडळात जातात. हिने धनुर्विद्या आरंभली. मी विरोध केला नाही, कारण महिन्याभरात खांदा दुखेल असा माझा अंदाज होता. खांदा दुखला. धनुर्विद्या थांबली नाही.

तिचे धनुष्य कॅलेंडरवरील रामाच्या हातातल्यासारखे नाही. त्याच्या दोन्ही टोकांना चाके आहेत आणि दोरी त्यांवरून विहिरीच्या रहाटाप्रमाणे फिरते. आमचा मुलगा कॅनडात असतो. तो तेथे मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जातो. हे तो सांगत नाही, फोटो पाठवतो. गतवर्षी त्याने आईला शिकाऱ्यांचे एक यंत्र पाठवले. काडेपेटीहून थोडे मोठे. ते धनुष्यावर बसवायचे, दोरी ताणायची आणि मुठीजवळची कळ दाबायची. यंत्र अदृश्य किरण सोडून समोरच्या वस्तूचे अंतर मोजते, अंतराचा आकडा दाखवते आणि काचेत नेमक्या उंचीवर एक लाल ठिपका पेटवते. ठिपका जनावरावर ठेवून बाण सोडला की झाले. नेमबाज मंडळी त्याला ‘साइट’ म्हणतात. मी ‘यंत्र’ म्हणतो.

यंत्र आले त्याच आठवड्यात गच्चीवर सरावाचा एक बाण वरच्या मजल्यावरील कुटुंबाच्या सोलर हीटरमध्ये गेला. कढत पाणी जिन्यावरून उतरले. दूधवाला दोन पायऱ्या एकदम चढून आला, ते मी प्रथमच पाहिले. त्यात डॉक्टरांनी खांद्याविषयी पुन्हा बजावले. मी अट घातली. रायगडच्या किनाऱ्यावर धनुर्धाऱ्यांचा एक मेळा भरतो, तेथे जावे. आठ जनावरे असतात, चार किहीमला व चार आगरदांड्याला, प्रत्येकास एक बाण. पाचांना बाण लागला, तर धनुष्य घरात राहील. न लागल्यास ती शिकते त्या क्लबला ते देऊन टाकावे.

“लिहून देऊ?” सुलभाने विचारले.

“गरज नाही. तुझा शब्द पुरे.”

तिने त्याच दिवशी बॅग भरली. मी मोजपट्टी घेतली.

उरण

उरणचा पहिला परिचय धुळीशी झाला. रस्त्याच्या एका अंगाला मिठागरे, दुसऱ्या अंगाला कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची रांग. मिठाचे ढीग उन्हात असे चमकत होते की सुलभाने गाडी थांबवून चित्र काढावयास घेतले. मागच्या ट्रेलरचालकाने तिच्या कलेस भोंगा वाजवून दाद दिली.

आमचे यजमान मोरेश्वर पाटील. पन्नाशीचे गृहस्थ, वडील मिठागरावर कामाला, स्वतः ट्रेलरांचे मालक. गळ्यातील साखळी एखादा लहान ट्रेलर ओढण्यास पुरेशी. हा मेळा तेच भरवतात. मोबाइलवर धनुर्विद्येचे चित्रण पाहून त्यांना हा नाद लागला आणि मग जनावरे मागवली.

“काका, टेन्शन नका घेऊ. काकूंची साइट आपल्या यार्डात सेट करून टाकू. जागा बघा ना, किती मोकळी हाय.”

जागा मोकळी नव्हती. रिकामे कंटेनर एकावर एक रचून ठेवलेले होते, आणि त्यांच्या मधल्या गल्लीत धनुर्विद्येचे लक्ष्य उभे केले होते. परंतु मोजणीच्या दृष्टीने याहून उत्तम जागा मी पाहिलेली नाही. प्रत्येक कंटेनर चाळीस फुटी. जणू कोणी माझ्यासाठी मोजणीची लोखंडी साखळी अंथरून ठेवली होती. मी पट्टीने अंतर मोजी, सुलभा यंत्राची कळ दाबी आणि दोघे आपापले उत्तर सांगत असू. फरक चार बोटांचाही येत नव्हता. मी जागा बदलून पाहिली. उन्हात पाहिले, सावलीत पाहिले.

“अहो, त्याला पास करा आता,” सुलभा म्हणाली. “इतकं तर तुम्ही मला लग्नाआधीसुद्धा तपासलं नव्हतं.”

मी यंत्रास उत्तीर्ण केले. समोरच्या वस्तूचे सरळ अंतर ते बिनचूक सांगते, असा निष्कर्ष मनात नोंदवला. निष्कर्ष अपुरा होता. ते पुढे येईल.

संध्याकाळी शेजारी हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे सकाळी दहा मिनिटांचे काम. येथे हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा. भिंतीएवढे ध्वनिक्षेपक, मांडवभर माणसे आणि नवरा पिवळा धमक होऊन मध्यभागी नाचत असलेला. मोरेश्वरांनी आम्हाला पुढच्या खुर्च्यांवर बसवले. सुलभा फार वेळ बसली नाही. पाचवारी खोचून ती आगरी स्त्रियांच्या रांगेत मिसळली आणि तिला पावले ठाऊक नाहीत हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण ती सर्वांहून मोठ्याने हसत होती. मी पंख्याचा वारा फार येतो हे सांगण्यासाठी हात वर केला. त्याचा अर्थ निराळा घेतला गेला. दोघांनी मला उचलून उभे केले. पुढील काही मिनिटांविषयी मोरेश्वरांच्या मोबाइलमध्ये पुरावा आहे. तो त्यांनी दाखवू नये असे ठरले आहे.

जेवणात तांदळाची भाकरी होती, पातळ, पांढरी, मऊ. ज्वारीच्या भाकरीशी माझी सत्तर वर्षांची निष्ठा आहे. ती त्या रात्री थोडी हलली.

करंजा ते रेवस

दुसऱ्या दिवशी करंजाहून लाँचने खाडी ओलांडली. धनुष्याची पेटी लांब व काळी असते. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या एका वृद्ध मासळीवालीने ती निरखली.

“पेटी वाजवता काय, बाबा? भजनाला चाललाव?”

“धनुष्य आहे,” मी सांगितले.

“असं.” तिने सुलभाकडे पाहिले. “आनि सीता घेऊन चाललाव. मंग रावण कुठं गावायचा?”

“धनुष्य माझं आहे,” सुलभा म्हणाली.

त्यावर ती बाई इतकी हसली की टोपलीतील बोंबील हलले. तिचे नाव हिराबाई. किहीमच्या मेळ्यात जेवणाची मासळी तिचीच जात असे, म्हणजे आमचा मार्ग एकच होता.

रेवसचा धक्का जवळ आला तेव्हा सुलभाने यंत्र सुटे करून हाती घेतले व मला विचारले, “किती असेल?” शंभर मीटरच्या आतील अंतर मी डोळ्यांनी सांगू शकतो. मी सांगितले. बाकावरच्या एका माणसाने निराळा आकडा सांगितला. दुसऱ्याने त्याला वेड्यात काढले. क्षणात सारी लाँच अंदाज वर्तवू लागली. हिराबाईचा अंदाज असा: “एक पान खाऊन व्हईल, येवढं.” सुलभाने कळ दाबून आकडा वाचला. मी दोन मीटरने चुकलो होतो. हिराबाईने पान तोंडात घातले, आणि लाँच धक्क्याला टेकली तेव्हा ती चोथा पाण्यात थुंकली. जाहीर निकाल तिच्या बाजूने लागला.

किहीम

किहीमची वाडी म्हणजे माड, सुपारी आणि त्यांमधून समुद्राचा आवाज. हिवाळ्यातील सकाळ. आमच्या घाटावर या दिवसांत अंग आखडते. येथे सदऱ्याचे वरचे बटण काढावे लागते. मी काढले नाही, गळ्यातील मफलरही नाही.

धनुर्धारी बरेच जमले होते. बहुतेक तरुण, अंगात चित्ताकर्षक कपडे, पाठीवर भाते. पाचवारी नेसलेली सुलभा एकटीच. एका तरुणाने तिला नम्रपणे सांगितले, “आजी, प्रेक्षकांना तिकडं बसायचंय.” तिने त्याला आपला भाता धरावयास दिला आणि पेटी उघडली.

पहिले जनावर हरिण. झुडपामागून निम्मे दिसत होते. सुलभाने दोरी ताणली, ठिपका पेटला, बाण सुटला. फोममध्ये बाण शिरण्याचा आवाज फणस जमिनीवर पडल्यासारखा येतो. तो आला. एक.

दुसरा बिबट्या. तो माडाच्या बुंध्याशी दबा धरून होता. सुलभाने कळ दाबली आणि बाण न सोडता हसत दोरी सावकाश परत सोडली. बिबट्या दूर असताना यंत्र सात मीटर सांगत होते. वरून लोंबणारी एक सुकी झावळी किरणांच्या आड येत होती.

“तो झावळीची शिकार करायला सांगतोय,” ती म्हणाली, आणि एक पाऊल डावीकडे सरकली. पुन्हा फणस पडला. दोन.

तिसरा कोल्हा. तो चुकला. खांदा थरथरला, असे तिने प्रामाणिकपणे सांगितले. कोल्ह्याच्या पाठीवरून बाण जाऊन नारळाच्या सोडणांच्या ढिगात रुतला.

चौथे जनावर किहीमच्या मागच्या टेकडीवर होते. वर चढून जायचे आणि खाली उतारावर उभ्या असलेल्या रानडुकरावर बाण सोडायचा. उतार तीव्र होता. मला अंतर चाळीस वाटले. सुलभाने यंत्राकडे पाहून चौतीस सांगितले.

आता जे घडले ते नीट सांगणे आवश्यक आहे. डोंगरउताराची जमीन मोजताना आम्ही मोजणीदार उतारावरची लांबी कधीच धरत नाही. तिचे आडवे अंतर काढतो. सातबाऱ्यावर तेच येते. तिरपी लांबी नेहमी अधिक, आडवे अंतर नेहमी कमी. बाणाचेही तसेच आहे. उतारावरून खाली सोडलेल्या बाणास आडवे अंतर लागू होते, तिरपे नव्हे. हा नियम माझ्या हाडांत आहे. म्हणून यंत्राचा आकडा ऐकताच मी तोंडी हिशेब केला.

“चौतीस हे तिरपे अंतर. आडवे भरेल एकोणतीस. ठिपका वीतभर खाली धर.”

“यंत्र पाहील की ते,” ती म्हणाली.

“यंत्राला उतार काय ठाऊक? कंटेनरच्या यार्डात उतार नव्हता.”

मागे उभे असलेले सर्व तरुण ऐकत होते. सुलभाने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती वीतभर खाली आली.

बाण रानडुकराच्या पायांमधून गेला. मागे काळ्या कातळावर आपटून उसळला, झुडपांच्या वरून एक सुरेख कमान काढली आणि पलीकडे दिसेनासा झाला. त्या बाजूस माणसांना जाण्यास बंदी होती. मासळीला नव्हती. पायवाटेच्या कडेला हिराबाईने आपली थर्मोकोलची पेटी ठेवली होती व ती हात धुण्यास गेली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा बाण पेटीच्या झाकणात उभा होता. झाकण उचलले तर त्याखाली एक थोरली सुरमई, बरोबर कल्ल्यामागे विद्ध.

हिराबाई आली. तिने बाण पाहिला, सुरमई पाहिली, मग सुलभाला पाहिले.

“आवं माझी बाय,” ती म्हणाली. “ही सकालीच मेली व्हती. पुन्यांदा कनाला मारलीस?”

सुलभा कातळावर बसून हसू लागली. हिराबाई तिच्या शेजारी बसली. मोरेश्वर धावत आले व पेटीत डोकावून गंभीरपणे म्हणाले, “नेम काय लागलाय पण. फोटो काढून कॅनडाला पाठवा, पोरगा बोलेल आई पण शिकारीला जाते.” तरुण मंडळी एकमेकांना धरून हसत होती. माझ्या चेहऱ्यावरही काही हालचाल झाली असावी, कारण सुलभाने नंतर त्याचा उल्लेख केला.

हसणे ओसरल्यावर हिशेब राहिला. चार जनावरांत दोन. उरलेल्या चारांपैकी तीन लागले पाहिजेत.

किहीम, संध्याकाळ

मोरेश्वरांनी पोपटी लावली. हा या भागातील हिवाळ्याचा प्रकार. मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा उग्र वासाचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्याने बंद करून मडके उपडे घालायचे आणि भोवती गवत व काटक्या पेटवायच्या. पाणी नाही, तेल नाही. आमच्याकडे या ऋतूत शेतावर हुरडा भाजतात. हुरड्यात गप्पा अधिक व पोटास कमी. पोपटीत दोन्ही भरपूर. वालाच्या शेंगा दातांनी सोलताना ओठ काळे होतात. अर्ध्या तासात सर्व सुशिक्षित मंडळी कोळशाच्या खाणीतून आल्यासारखी दिसू लागली.

मी मोरेश्वरांना उताराविषयी विचारले.

“अहो काका, ही साइट उतार पण मोजते ना. आतमध्ये ते असतं… गवंडी वापरतो तसं. तिरकी धरली का आपोआप कमी करून सांगते.”

“आकडा आधीच कमी केलेला असतो?”

“व्हय. चाळीस असंल तर चौतीस दाखवंल. असं.”

माझ्या डोळ्यांनी चाळीस सांगितले होते. यंत्राने त्यातून उतार वजा करून चौतीस दिले होते. मी त्यातून तोच उतार पुन्हा वजा केला. एकाच शेताची मोजणी फी दोनदा घ्यावी, तसे हे झाले. हा प्रमाद कोणा धनुर्धाऱ्याने केला नसता. त्यासाठी मोजणी खात्यात आयुष्य काढावे लागते.

सुलभा हिराबाईबरोबर शेंगा सोलत बसली होती. मी जाऊन सांगितले. कारणासह सांगितले.

“मला तेव्हाच शंका आली होती,” ती म्हणाली.

“मग खाली का धरलेस?”

“तुम्ही एवढ्या खात्रीने बोलत होता. त्या पोरांसमोर मी तुम्हाला खोटं पाडू?”

मी तिच्या शेजारी बसून एक शेंग सोलली. मग म्हणालो की चौथा बाण हिशेबात धरू नये. चूक माझी होती. अट मी घातली, ती शिथिल करण्याचा अधिकारही माझा.

“नाही.” तिचे ओठ शेंगांनी काळे झाले होते आणि ती अत्यंत गंभीर होती, त्यामुळे चेहरा पाहवत नव्हता. “बाण माझ्या हातून सुटला. शब्द दिला तो दिला. उद्या तीन मारीन. नाहीतर देऊन टाकू क्लबला.”

“खांदा?”

“तुम्ही बाम लावा. आणि उद्या उताराचं काही बोलू नका.”

हिराबाईने मला एक अंडे दिले. “खा, बाबा. सुरमई तर आता कालवनात गेली, तिला काय बोलनार.” त्या कालवणातील काटा माझ्या दाढेत अडकला व रात्रभर राहिला. ते योग्यच होते.

आगरदांडा

मुरूडच्या पुढे डोंगर खाडीपर्यंत उतरतो. आगरदांड्याच्या धक्क्यावरून गाड्या बोटीत चढून समोर दिघीला जातात. डोंगराच्या अंगावर झाडी, खाली निळी-हिरवी खाडी, तीवर ती बोट सावकाश चाललेली. कराडच्या कृष्णा-कोयनेच्या संगमाचा मला अभिमान आहे. येथे मी तो व्यक्त केला नाही.

पाचवे जनावर तरस. चढावर उभे. सुलभाने माझ्याकडे न पाहता कळ दाबली. लागला. तीन.

सहावे जनावर ससा. हे कोणी ठेवले होते ते शोधून काढले पाहिजे. एवढासा, दगडाआड, दोन कान दिसणारा. तरुणांपैकीही बहुतेकांचे बाण चुकले. सुलभाचा बाण सशाच्या कानाजवळून गेला. आता उरलेले दोन्ही लागणे भाग होते.

सातवा अस्वल. मोठा, काळा, चुकणे अवघड. परंतु चुकू नये अशा वेळीच अस्वल चुकते. तिने दोरी ताणली आणि खांद्यात कळ आली, हे मला तिच्या मानेवरून कळले. तिने दोरी परत सोडली. थांबली. हात झटकला. पुन्हा ताणली. बाण अस्वलाच्या पोटात गेला. तिने मागे वळून मोजून मला चार बोटे दाखवली, जणू मला मोजता येत नव्हते.

आठव्या जागी मी गेलो नाही. मी चहाच्या टपरीवर थांबलो. मी तेथे असलो की काहीतरी बोलेन, अशी मला भीती होती. ती वावगी नव्हती. चहा अर्धा झाला तोच हिराबाई वर आली. ती आज मासळीशिवाय, केवळ पाहण्यासाठी आली होती.

“बाबा, चला. तुमची बाय बोलावते.”

“कशाला?”

“बोलते, ते आले नाय तर बान सोडनार नाय. लोकं खोळंबलीत.”

मी खाली गेलो. शेवटचे जनावर सांबर. पूर्ण वाढलेले, मोठ्या शिंगांचे, तीव्र उताराच्या तळाशी झाडीच्या कडेला उभे. मागे खाडी. कालच्यासारखाच उतार, किंबहुना अधिक. माझ्या मनात आकडा आला. तिरपा आला आणि आडवाही आला. मी तोंड मिटून ठेवले.

“इथं उभे राहा,” सुलभा म्हणाली. “माझ्या बाजूला. बोलू नका.”

“बरं.”

“‘बरं’सुद्धा नको.”

मोरेश्वरांनी सर्वांना गप्प केले. तिने दोरी ताणली. ठिपका पेटला, तो मला दिसला नाही, परंतु तिच्या गालावर किंचित लाली उमटली. खाडीवरून वारा आला. ती थांबली. तिचा खांदा कापू लागला. मी माझ्या मफलरचे टोक दातांत धरले. वारा पडेना. दोरी परत सोडली असती तरी चालले असते. कोणी काही बोलले नसते. तिने सोडली नाही. मग पाने स्थिर झाली, आणि त्या एका क्षणात बाण गेला.

फणस पडला.

सांबराच्या खांद्यामागे, जेथे मुलाच्या फोटोतल्या हरणांना बाण लागलेले असतात, बरोबर तेथे. मोरेश्वरांनी शिट्टी मारली. हिराबाईने सुलभाचे दोन्ही गाल धरले आणि कानशिलांवर बोटे मोडली. तरुणांनी तिला उचलले, तेव्हा ती ओरडली की खांदा, खांदा, आणि त्यांनी तिला घाईघाईने माझ्या अंगावर ठेवले. मी तिला धरले. मफलर अद्याप तोंडात होता.

“पाच,” ती म्हणाली.

“पाच,” मी मान्य केले.

मग तिने धनुष्य माझ्या हातात दिले.

“आता तुम्ही.”

मी नकार दिला. मोरेश्वर म्हणाले, “काका, हळदीचा व्हिडिओ दाखवू का सगळ्यांना?” मी धनुष्य घेतले. दोरी ताणण्यास अपेक्षेहून जड होती; ही स्त्री हे रोज करते. काचेत पाहिले. कळ दाबली. लाल ठिपका पेटला, आणि ठिपक्याखाली ते सांबर, इतके जवळ व इतके सोपे, की सत्तर वर्षे ही गोष्ट मला कोणी का सांगितली नाही असे वाटले. यंत्राने अंतर सांगितले. मी काहीही वजा केले नाही. मी बाण सोडला.

तो बाण सांबराच्या वरून गेला, झाडीच्या वरून गेला आणि उन्हात एकदा चमकून खाडीच्या दिशेने निघून गेला. सर्व मंडळी त्याच्याकडे पाहत राहिली. पाण्यात तो कोठे पडला ते कोणालाच दिसले नाही.

“दिघीला फोन लावू काय?” मोरेश्वर म्हणाले. “बोटीच्या आधी पोचला असंल.”

मला हसू आले. एकदा आले ते थांबले नाही. मी उतारावर बसलो. सुलभा बाजूला बसली व तीही हसू लागली. हिराबाई आम्हा दोघांकडे बघून कपाळावर हात मारीत होती. डोळ्यांतील पाणी पुसण्यासाठी मी चष्मा काढला आणि तो कोठे ठेवला हे नंतर पंधरा-वीस माणसांना शोधावे लागले. मी त्या शोधात काही उपयोगी पडलो नाही.

कराडला परत आलो. धनुष्य घरात राहिले. ते आजवर दिवाणाच्या पेटीत असे. आता मी दर्शनी भिंतीवर खुंट्या ठोकल्या आहेत. पातळी पाहून, समान अंतरावर, दोन धनुष्यांपुरत्या.